स्वयंसेवक म्हणून परदेशी जायचा व्हिसा: कोणी कोणी काढलाय? अनुभव लिहा

टपालपेटी
काल रात्री भाचीचा फोन. ब्रिटनमधल्या एका संस्थेत वर्षभर जायचं ठरवलंय तिने, अपंग प्रौढांच्या निवासात मदतनीस म्हणून, पगार नाही, राहण्याची सोय आणि थोडा हातखर्च. फॉर्म भरता भरता अडली आणि म्हणाली, "मावशी, प्रवासाचा उद्देश काय लिहू गं? काम लिहिलं तर पगार किती विचारतील, फिरायला लिहिलं तर खोटं होईल." मला एकदम काही बोलताच येईना. बारा वर्षांपूर्वी ह्याच चौकोनापाशी मी अख्खी रात्र बसले होते, घरातले सगळे झोपलेले, आणि मला वाटत होतं की एक चुकीचा शब्द पडला की संपलं सगळं.

तेव्हा त्याला टियर ५ म्हणायचे, आता चॅरिटी वर्कर व्हिसा म्हणतात. संस्थेने कळवलं होतं की सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप, म्हणजे आम्ही हिला बोलावतोय ह्याची नोंद, दिलंय. मी तीन आठवडे पोस्टमनची वाट बघत होते. सर्टिफिकेट म्हणजे शिक्का मारलेला, सही केलेला कागद असणार असंच डोक्यात. शेवटी धीर करून विचारलं तर कळलं की असा कागद नसतोच, तो फक्त एक नंबर असतो आणि तो त्यांनी ईमेलमध्ये खाली पाठवलेला होता. आणि तो नंबर दिल्यापासून तीन महिन्यांत अर्ज करावा लागतो, त्यातले तीन आठवडे मी दाराकडे बघत घालवले. अजून ते आठवलं की पोटात कसंतरी होतं.

भाचीला एवढंच सांगितलं, जे आहे तेच लिही. पण तुमच्याकडे खूप काही असणार सांगण्यासारखं. लिहा ना, तिला हाच धागा वाचायला देणार आहे.

काजवा
पैशाचं सांगते आधी, स्टॉपवर उभी आहे बस येईपर्यंत लिहिते. १२७० पौंड खात्यात सलग २८ दिवस हवेत आणि सलग म्हणजे सलग!! माझ्या भावाने मधे एक दिवस पैसे काढले, दुसऱ्या दिवशी परत भरले, त्याला वाटलं शेवटी शिल्लक दिसली की झालं. नकार आला. रडकुंडीला आला होता बिचारा, फी गेली आणि संस्थेची सुरुवातीची तारीखही गेली. संस्था पहिल्या महिन्याच्या खर्चाची हमी देत असेल तर हे पैसे दाखवावेच लागत नाहीत हे आम्हाला नंतर कळलं. भाचीला आधी तेच विचारायला सांग संस्थेला. बस आली

उशिराची गाडी
मी जर्मनीला गेलो होतो, बीएफडी ह्या तिथल्या सरकारी स्वयंसेवा योजनेतून. २०११ मध्ये तिथली सक्तीची लष्करभरती स्थगित झाली, आणि लष्कराऐवजी दवाखान्यात वृद्धाश्रमात काम करणारी मुलं मिळेनाशी झाली, तेव्हा हे सुरू केलं. त्याच्यासारखंच एफएसजे आहे पण ते २७ वर्षांच्या आतल्यांसाठी, बीएफडीला वरची वयाची अट नाही. मी २९ चा होतो.

व्हिसाच्या मुलाखतीत काचेपलीकडच्या बाई दोन मिनिटं इंग्रजीत बोलल्या आणि मग एकदम जर्मनवर आल्या. मी कारणं पाठ करून गेलो होतो, संस्कृतीची ओळख वगैरे. त्यांनी विचारलं, एखाद्या म्हाताऱ्या माणसाने जेवायला नकार दिला तर तुम्ही काय कराल? पाठांतरात हे कुठून असणार. मी मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं की माझे आजोबा शेवटच्या वर्षात असंच करायचे, मी ताट बाजूला ठेवून त्यांच्याशेजारी बसून राहायचो, अर्ध्या तासाने ते स्वतःच हात पुढे करायचे. क्रियापदं सगळी चुकली असणार. बाईंनी टायपिंग थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं. व्हिसा मिळाला.

म्हणून म्हणतो, का जायचंय हे स्वतःच्या शब्दात सांगता यायला हवं. भाषा कच्ची असली तरी.

दुपारचं ऊन
आजोबांचं वाचून डोळे भरले रे. माझी आजीही असंच करायची, फक्त तिला रेडिओ लावून द्यावा लागायचा.

अनवाणी
मी आजवर हे कुणाला सविस्तर सांगितलेलं नाही. आज लिहिते, कारण कुणाची तरी लेक वाचणार आहे.

शेतावर राहून मदत करायची, त्या बदल्यात राहणं-जेवण, अशी सोय जगभर आहे, वूफ म्हणतात, १९७१ मध्ये इंग्लंडात सुरू झालेली. मी बावीस वर्षांची होते. ज्यांच्या शेतावर जाणार होते ते म्हणाले, टुरिस्ट व्हिसावर ये, सगळे तसेच येतात. देशाचं नाव लिहीत नाही. विमानतळावर अधिकाऱ्याने विचारलं कुठे राहणार, मी म्हटलं ओळखीच्यांकडे. त्याने फोन मागितला. ईमेलमध्ये लिहिलेलं होतं, रोज पाच तास काम आणि त्याच्या बदल्यात खोली आणि जेवण. त्याने 'बदल्यात' ह्या शब्दावर बोट ठेवलं. शांतपणे म्हणाला, हा पगारच आहे, फक्त पैशात नाही.

अकरा तास एका खोलीत बसले आणि परतीच्या विमानात बसवलं. कुणी वाईट वागलं नाही, पाणी विचारलं, घोंगडी दिली. पण आईला काय सांगू हे त्या अकरा तासांत सुचलं नाही.

त्यानंतर प्रत्येक व्हिसा फॉर्मवर तो प्रश्न येतो, तुम्हाला कधी प्रवेश नाकारला गेला आहे का. दरवेळी हो लिहिते आणि सोबत एक पान जोडते, काय झालं, माझी चूक काय होती, आता मला काय माहीत आहे. दोन देशांनी त्यानंतर व्हिसा दिला. लपवलं असतं आणि सापडलं असतं तर तोही दिला नसता. मैत्रीण म्हणाली होती नाही लिही, कोण बघतंय. तिचं ऐकलं नाही हे बरं झालं.

टपालपेटी
अनवाणी, जवळ असतीस तर मिठी मारली असती. भाचीलाही कुणीतरी हाच सल्ला दिला होता, टुरिस्टवर जा आणि तिथे बघ म्हणून. ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसावर नोंदणीकृत चॅरिटीसाठी स्वयंसेवा करता येते पण सगळी मिळून जास्तीत जास्त ३० दिवस. वर्षभराचं काम त्यात बसवायला गेलं की तेच होणार जे तुझ्या बाबतीत झालं.

भिंगरी
फोटो कुठल्या मापाचा लागतो कोणी सांगेल का, फोटोवाल्याकडे दोनदा परत जाऊन झालं

काजवा
कुठला देश ते सांग की आधी. ब्रिटन आणि शेंगेनला (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) ३५ बाय ४५ मिमी, अमेरिकेला चौकोनी २ बाय २ इंच

भिंगरी
अमेरिका. आईसाठी. तिचा चष्मा काढला की तिचाच चेहरा तिला अनोळखी वाटतो म्हणे 😄

काजवा
काढावाच लागेल, २०१६ च्या नोव्हेंबरपासून अमेरिकेच्या व्हिसा फोटोत चष्मा चालत नाही. काकूंना सांग छान दिसतात

कंदील
मी निवृत्त नर्स आहे, वय ६४. तीन वर्षांपूर्वी युगांडाला एका प्रसूतिगृहात सहा महिने गेले होते. मुलांचा विरोध होता, आता ह्या वयात कशाला म्हणून. मी म्हटलं ह्या वयातच, आता माझ्यावर कुणाची शाळा नाही की डबा नाही.

टुरिस्ट व्हिसावर ते काम चालत नाही, परवाना तिथल्या संस्थेने काढला. माझ्याकडून नर्सिंग कौन्सिलचं नोंदणीपत्र, पदवीची साक्षांकित प्रत, पोलिसांचा चारित्र्याचा दाखला आणि पूर्वीच्या मेट्रनचं पत्र मागितलं. माझ्या मेट्रनबाई ८१ वर्षांच्या. हात थरथरतो, पण टाइप करून घेऊया म्हटलं तर ऐकेनात, म्हणाल्या मी स्वतः लिहिणार. दीड पान लिहायला त्यांना दोन दिवस लागले. शेवटची ओळ होती, "हिच्या हातात मूल सुखरूप असतं." ते पत्र संस्थेला पाठवायच्या आधी मी त्याच्या चार झेरॉक्स काढल्या. बाई आता नाहीत.

यलो फीव्हरच्या लसीचं विसरू नका. युगांडात त्याशिवाय प्रवेश नाही आणि लस घेतल्यावर दहा दिवसांनी दाखला लागू होतो, त्यामुळे आदल्या आठवड्यात धावून उपयोग नाही. एकदा घेतली की जन्मभर पुरते, २०१६ पासून तसा नियम आहे. साठीच्या पुढच्यांनी मात्र डॉक्टरांशी नीट बोलून घ्यावं, ह्या लसीचा त्रास त्या वयात जास्त संभवतो. माझ्या डॉक्टरांनी पाऊण तास प्रश्न विचारले तेव्हा कुठे हो म्हणाले.

दुपारचं ऊन
कंदीलकाकू, तुमच्यावर वेगळा धागा काढा. आणि ते पत्र फ्रेम केलंय ना?

कंदील
केलंय हो. कपाटाच्या आत आहे, रोज दार उघडलं की दिसतं.

नदीकाठ
भिंगरी, आई स्वयंसेवेलाच चालली असेल तर हे वाच, माझे सासरे गेले होते तसे, एका धर्मादाय संस्थेत वाचनालयाचं काम करायला. अमेरिकेत त्याला बी-१ मध्ये, म्हणजे कामानिमित्त थोड्या दिवसांसाठी जाणाऱ्यांच्या व्हिसात, जागा आहे. संस्था मान्यताप्राप्त धार्मिक किंवा ना-नफा धर्मादाय हवी आणि पगार घ्यायचा नाही, फक्त किरकोळ खर्चाची भरपाई चालते. काही विकायचं नाही, देणग्या मागत फिरायचं नाही. संस्थेच्या पत्रात नाव, जन्मतारीख, जन्मठिकाण, आपला कायमचा पत्ता, तिथे आधी कुठे उतरणार आणि किती दिवसांचं काम, हे सगळं असायला हवं.

आमच्या पत्रात घोळ तारखेचा झाला. त्यांनी लिहिलं ०४/०७ पासून. आम्ही वाचलं ४ जुलै, त्यांच्या हिशेबाने ते ७ एप्रिल. सासऱ्यांनी फॉर्ममध्ये जुलै लिहिलं. नशिबाने मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी सासूबाईंनी मोठ्याने पत्र वाचलं आणि म्हणाल्या, अहो, त्यांच्या स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीला ते तुम्हाला कामाला का बोलावतील? रात्री ईमेल, सकाळी महिना अक्षरात लिहिलेलं नवं पत्र, आणि फॉर्म परत भरून नवं कन्फर्मेशन पान घेऊन गेले. खिडकीवर विचारलं, तिकडे गेल्यावर इथे काय राहिलं मागे? सासरे म्हणाले, बायको आणि तिची चव्वेचाळीस वर्षांची सवय. अधिकारी हसला.

भिंगरी
महिना अक्षरात!! आत्ताच आईचं पत्र उघडून बघते

भिंगरी
०३/०५ लिहिलंय 😳 पळते

रिकामी वही
मला मिळाला नाही. दोन वेळा. कागद पूर्ण होते, संस्था चांगली होती, पण मी पंचविशीची, लग्न नाही, नोकरी नुकतीच सोडलेली, परत येणार हे कागदावर दाखवायला काहीच नव्हतं. नकाराच्या पत्रात छापील वाक्यावर एक टिकमार्क, बस. त्या टिकमार्ककडे किती वेळ बघत होते मी. सगळ्यांचं छान झालेलं वाचताना हेही कुठेतरी लिहिलेलं असावं म्हणून लिहितेय.

नंतर यूएन व्हॉलंटिअर्सचं ऑनलाइन काम सापडलं, त्याला व्हिसा लागतच नाही, घरात बसून. एका संस्थेची आरोग्यपत्रकं मराठी आणि हिंदीत करून दिली. पहिल्या पत्रकात हात धुण्याची चित्रं होती आणि प्रत्येक चित्राखाली चार शब्दांत मजकूर बसवायचा होता, त्यावर मी तीन रात्री घालवल्या. तिकडे जाणं राहिलंच. पण ते पत्रक माझं आहे.

उशिराची गाडी
वही, पंचविशीत सगळ्यांनाच तो टिकमार्क जास्त मिळतो. माझ्याबरोबर भाषेच्या वर्गात असलेल्या तिघांपैकी दोघांना मिळाला होता. तिसऱ्यांदा करायचं मनात असेल तर मोटिव्हेशन लेटर (का जायचंय ते सांगणारं पत्र) मला पाठव, वाचून देईन, मनापासून. हे पत्रकाचं काम त्यात लिही.

रिकामी वही
खरंच वाचाल? ह्या रविवारी बसते मग.

अनवाणी
मीही वाचेन.

टपालपेटी
भाचीने सकाळी धागा वाचला. संस्थेला विचारलं, पहिल्या महिन्याच्या खर्चाची हमी ते देतायत, त्यामुळे २८ दिवसांचा प्रश्न मिटला (काजवा, तुझ्या भावाला सांग). टीबीची तपासणी राहिली होती, सहा महिन्यांच्या वर राहायचं तर आपल्यासारख्या देशांतून जाणाऱ्यांना ती लागते, ती गुरुवारी आहे. आणि त्या चौकोनात तिने काय लिहिलं ते मला वाचून दाखवलं: बिनपगारी स्वयंसेवा, अपंग प्रौढांची रोजची मदत, बारा महिने, मग परत येऊन शिक्षण पूर्ण करणार. मी विचारलं जागा पुरली का. म्हणाली, अजून सात अक्षरं शिल्लक आहेत मावशी.

भिंगरी
आईचं नवं पत्र आलं, ५ मार्च होतं ते, ३ मे नाही!! फोटोही झाला. चष्म्याशिवाय अगदी माझ्या आजीसारखी दिसतेय, आम्ही सगळे नुसते बघत बसलो होतो