मदत हवी आहे: एक प्यादं जास्त असूनही डाव बरोबरीत जातो

राम राम मंडळी. मी परभणीचा. दुकान बंद केल्यावर लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर दहा मिनिटांचे डाव खेळतो, रेटिंग ११०० च्या आसपास. स्पर्धेबिर्धेत उतरायचं नाही, मजा म्हणूनच.

सुरुवात बरी जमते: इटालियन ओपनिंग, लवकर कॅसलिंग (राजा हत्तीकडे सुरक्षित नेणं), वजीर उगाच बाहेर नाही. कोडी रोज सोडवतो, त्यामुळे घोड्याचा दुहेरी हल्लाही दिसतो. घोडं अडतं ते शेवटी. दोघांकडे एकेक हत्ती, माझं प्यादं जास्त, आणि समोरचा मागून शह देत बसतो! ल्युसेनाची पूल बांधायची रीत (सातव्या ओळीतलं प्यादं वजीर करताना आपल्या हत्तीने शह अडवायची) पाठ केली, पण प्यादं सातव्या ओळीपर्यंत पोचेल तर ना.

क्लास नको. रोज अर्धा तास मिळतो, मराठी-हिंदी काहीही चालेल. आधी नुसते राजा-प्याद्यांचे शेवट पक्के करू, की थेट हत्तीचेच?