केबलची ‘स्थिती’ तपासा म्हटलं तर वायरमनला काय कळतं?

करवीरकन्या
नमस्कार मंडळी, एका ठिकाणी अडलेय. गोकुळ शिरगावातल्या एका फाउंड्रीसाठी मेंटेनन्सची पुस्तिका मराठीत करतेय, त्यात जमिनीखालून गेलेल्या लांब एचटी (उच्च दाबाच्या) केबलची कंडिशन वेळोवेळी टेस्ट करा असं अख्खं प्रकरण आहे. मी लिहिलं ‘भूमिगत केबलची स्थिती तपासावी’. मसुदा तिथल्या वायरमनना वाचायला दिला तर एक म्हणाला स्थिती म्हणजे चालू का बंद, ते पॅनेलवर दिसतंयच की. दुसऱ्यानं विचारलं केबल कुठनं कुठं गेलीय ते शोधायचंय काय. आणि मुळात म्हणायचंय ते तिसरंच, की केबल चालू आहे पण आतून किती खराब झालीय, अजून किती टिकेल. याला नेमका शब्द कुठला? अवस्था लिहिलं तर ‘काय ही अवस्था’ असं वाटतंय.

उद्यमनगरवाला
ताई, आमच्याकडं सरळ ‘मेगर मारून बघ’ म्हणत्यात. मेगर म्हणजे केबलच्या आवरणातनं वीज गळती का ते बघायचं यंत्र. केबल चांगली असली तर ‘मेगर आला’, खराब असली तर ‘मेगर येत न्हाई’. उद्यमनगरात कुठल्याबी वायंडिंगवाल्याला विचारा, यापेक्षा सोपं मराठी न्हाई.

राजारामपुरी_७
हे मराठी आहे असं कसं म्हणता? मेगर एका यंत्राचं नाव, आणि ‘मारणे’ हे क्रियापद आपण हल्ली कशालाही लावतोय, फोन मार, झेरॉक्स मार. पुस्तिका छापून राहणार आहे, तिथं ‘भूमिगत वीजवाहिनीच्या विसंवाहक आवरणाचे मापन’ असंच पाहिजे. शब्द वापरात आणले नाहीत तर रुळणार कधी?

उद्यमनगरवाला
दादा, वाहिनी म्हटलं की आमच्या माणसाला काळम्मावाडीची थेट पाइपलाइन आठवती, पेपरात जलवाहिनी जलवाहिनी वाचून. न्हाईतर टीव्हीची वाहिनी. केबल ती केबल. आणि विसंवाहक म्हणताना जीभ अडकती, खड्ड्यात उतरलेला माणूस वरच्याला ओरडून हे सांगणार हाय काय?

पेठकर
मेगर हे मेगओहमवरनं आलंय ना? का बनवणाऱ्याचं नाव होतं?

निवृत्त_टेस्टिंग
इंग्लंडमधल्या एव्हरशेड अँड व्हिग्नोल्स कंपनीचा हा ट्रेडमार्क, 1903 सालचा. आता कुठल्याही मेकचा इन्सुलेशन टेस्टर असो, तो मेगरच.

पण करवीरकन्या यांचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण मेगर म्हणजे कंडिशनचा एक भाग झाला, सगळी कंडिशन नव्हे. लांब केबल म्हणजे एक लांबलचक कपॅसिटरच, आतला कंडक्टर आणि वरची धातूची स्क्रीन या त्याच्या दोन प्लेटा. मेगर लावला की सुरुवातीला आकडा खालीच दिसतो आणि केबल चार्ज होत जाईल तसा चढतो, नवीन पोरं तिथंच घाबरून केबल गेली म्हणून सांगतात. म्हणून 1 मिनिटाचं आणि 10 मिनिटांचं अशी दोन रीडिंग लिहायची. दुसरी गोष्ट लांबीची. 2 किलोमीटरच्या केबलला 100 मेगओहम आले आणि 200 मीटरच्या केबललाही 100च आले तर दोन्ही सारख्या नव्हेत, लांब केबलमध्ये गळतीला वाटा जास्त, त्यामुळं मीटरमागं धरलं तर ती 2 किलोमीटरवाली दहापट चांगली आहे. नुसता आकडा बघून चांगली-वाईट म्हणता येत नाही, लांबी, तापमान आणि गेल्या वर्षीचं रीडिंग शेजारी ठेवून बघावं लागतं. हे सगळं ज्या शब्दात मावेल तो शब्द पाहिजे. मी आयुष्यभर ‘केबलची तब्येत’ म्हणत आलोय आणि कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

राजारामपुरी_७
तब्येत सजीवांची असते. तुमच्या अनुभवाचा आदर आहे, पण छापील मजकुरात हे मला पटत नाही.

पेठकर
मग ‘कस’ घ्या की. गुजरीत सोन्याचा कस बघत्यात, जमिनीचा कस म्हणतो, माणसाचा पण कस लागतो. केबलचा कस तपासणे. दोन अक्षरी आणि आपला.

निवृत्त_टेस्टिंग
कस म्हणजे मुळात माल किती अस्सल आहे ते. केबल कारखान्यातनं अस्सलच आली, नंतर पाणी लागून बिघडली. 2019 आणि 2021 च्या पुरानंतर मेगर घेताना हाच अनुभव यायचा, केबल बरी पण जॉइंटमध्ये ओल. एक्सएलपीईत, म्हणजे केबलच्या प्लास्टिक इन्सुलेशनमध्ये, तर पाण्यानं झाडासारख्या बारीक फांद्या फुटत जातात, वॉटर ट्री म्हणतात त्याला, आणि तोवर केबल बिनतक्रार चालू असते. मेगरला ते बरेचदा कळतही नाही, टॅन डेल्टा, म्हणजे इन्सुलेशनमध्ये किती ऊर्जा वाया जाते ते मोजणारी टेस्ट, लागते. जुन्या एक्सएलपीईला मोठा डीसी देऊ नये हेही पुस्तिकेत घ्या, आत चार्ज अडकून राहतो आणि टेस्टला पास झालेली केबल चालू केल्यावर पंक्चर होते. त्याऐवजी 0.1 हर्ट्झचा व्हीएलएफ, म्हणजे अगदी कमी फ्रिक्वेन्सीचा एसी, वापरतात. त्याला नेहमीच्या 50 हर्ट्झच्या मानानं 500व्या भागाचा चार्जिंग करंट पुरतो, म्हणून लांब केबलला तो सेट गाडीत घालून नेता येतो.

पेठकर
पटलं. पण आणखी एक, ‘तपास’ आणि ‘तपासणी’ यात आपण फरक करतोच की. चोराचा तपास, डोळ्यांची तपासणी. केबल गेल्यावर रात्री थंपर (केबलला व्होल्टेजचे धक्के देणारं यंत्र) लावून जमिनीखाली धप् धप् कुठं वाजतंय ते कान देऊन शोधतात तो तपास. चालू केबलची वेळच्या वेळी बघायची ती तपासणी. मग स्थिती शब्द लागतोय कशाला, ‘केबलची तपासणी’ एवढं बास.

उद्यमनगरवाला
चालू केबलची म्हणू नका भावा, मेगर मारताना केबल दोन्हीकडनं सोडवलेली पाहिजे. आणि मेगर काढला म्हणून लगेच हात लावायचा न्हाई, लांब केबल चार्ज धरून बसती, अर्थ करून चांगला वेळ ठेवायची. बंद म्हणजे मेली असं न्हवं. ताई, हे ठळक अक्षरात टाका.

करवीरकन्या
टाकते, नक्की. मग ‘केबल तपासणी’ आणि ‘केबल चाचणी’ यात काय घेऊ? मूळ मजकुरात टेस्ट आहे.

शिरोळचा_ऊस
चाचणी हा चाशनीचा भाऊ आहे असं माझं ठाम मत आहे. फारसीत चाशनी म्हणजे चव, नमुना. आमच्या गुऱ्हाळात गुळव्या काहिलीतला रस गार पाण्यात टाकून बोटानं गोळी वळून बघायचा, गोळी झाली की काहिल उतरवायची. चाचणी तीच, थोडं काढून सगळ्याचा अंदाज घेणं.

राजारामपुरी_७
चाचपणे या क्रियापदाशी नातं असावं, फारसीकडं जायची गरज नाही.

शिरोळचा_ऊस
चाचपणे अंधारात असतं हो. गुळव्याला काय करतोय ते पक्कं ठाऊक असायचं. आणि ‘प’ कुठं गेला?

उद्यमनगरवाला
गोळी वळायची ती काकवी झाल्यावर का आधी?

शिरोळचा_ऊस
काकवीच्या पुढं. काकवी पातळ असतानाच काढून घ्यायची, गोळी नंतर.