कॉर्न स्नेकच्या अंड्यांना बुरशी, मदत हवी आहे

मंडळी, माझ्याकडे कॉर्न स्नेक या पाळीव, बिनविषारी सापाची जोडी आहे. रॅट स्नेकच्याच (उंदीर खाणाऱ्या सापांच्या) गटातली, दोन्ही पिंजऱ्यातच जन्मलेली. थंडीची विश्रांती, मीलन, अंड्यांआधीची कात, सगळं वेळेवर झालं. मादीने ओल्या शेवाळाच्या डब्यात अंडी घातली.

अंडी एकमेकांना घट्ट चिकटली आहेत, म्हणून अख्खा झुबका न उलटता ओलसर व्हर्मिक्युलाइटवर (पाणी धरून ठेवणारे हलके खनिज दाणे) ठेवलाय. तापमान 27-28 अंश सेल्सिअस. बाकीची पांढरी, ताठ आहेत, पण कडेच्या एकाला खळगा पडलाय आणि मधल्या एकावर हिरवट बुरशी. अंधारात टॉर्च धरला तर खळगेवाल्यात लाल शिरा स्पष्ट दिसतात, बुरशीवाल्यात नुसता पिवळा उजेड. ते गेलंच म्हणायचं.

पण ओढून काढलं तर शेजारच्याचं कवच फाटेल! तसंच ठेवलं तर बुरशी जिवंत अंड्यांना लागते का? कोणी अनुभवलंय? आणि खळग्यासाठी ओलावा वाढवू का? पिल्लं निघायच्या सुमारास अंडी आत दबतात हे ठाऊक आहे, पण ही तर सुरुवातच आहे.

जाता जाता: मादी फार रोडावली आहे, छोटे उंदीर देतोय. नर वेगळा ठेवलाय, तरी साठवलेल्या शुक्राणूंवर ती यंदाच पुन्हा अंडी घालेल का?