केबलचोर पोरगा समोर बसवायचा, की कोर्टात उभा करायचा?

माणदेशी
गाव सांगोल्याकडचं, दोन एकर डाळिंब. ऐन सेटिंगच्या, म्हणजे फळ धरण्याच्या वेळी विहिरीवरच्या मोटारीची केबल रात्रीत कापून नेली. बिलाप्रमाणे किंमत ४,६०० रुपये. चोर सापडला, गावातलाच, १९ वर्षांचा. पोरानं केबल जाळून तांबं विकलं, म्हणजे माल परत मिळणं नाही. गुन्हा दाखल आहे.

आता त्याचे वडील, सरपंच आणि चार शहाणे घरी येऊन बसले. "पैसे घ्या, मिटवा, पोराचं आयुष्य आहे." पोरगा मात्र बाहेर गाडीवर बसून मोबाईल बघत होता, आत आलाच नाही. माझं नुकसान ४,६०० चं नाही हो. लाईटची पाळी रात्रीची, नवी केबल जोडेपर्यंत फुलगळ झाली. वडील चौऱ्याहत्तर वर्षांचे, तेव्हापासून विहिरीवरच झोपायला जातात, कुणाचं ऐकत नाहीत. मला त्या पोराला विचारायचंय, आमचीच विहीर का? आणि वडिलांचं बोलणं त्यानं समोर बसून ऐकावं. 'रिस्टोरेटिव्ह जस्टिस' म्हणतात, म्हणजे गुन्हा करणारा आणि ज्याचं नुकसान झालं तो समोरासमोर बसून बिघडलेलं सावरतात, ते हेच ना? आपल्याकडे जमतं का?

सातारकर_७
जमतं की. केबलवर सोडलंत तर पुढच्या महिन्यात स्टार्टर जाईल. मग त्यालाही चहा पाजा.

काळाकोट
मी फौजदारी वकिली करतो. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या कलम ३०३(२) मध्ये ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी, पहिलाच गुन्हा आणि माल किंवा त्याची किंमत परत केलेली असेल, तर शिक्षा म्हणून सामुदायिक सेवा आहे. पोराचा हा पहिलाच गुन्हा असेल आणि किंमत भरली, तर तुमचं प्रकरण त्यात बसतं. म्हणजे पोरगा तुरुंगात सडेल ही भीती घालून तुमच्यावर दबाव आणत असतील, तर ती फुगवलेली आहे.

तडजोडही करता येते, पण कोर्टात, पोलीस ठाण्यात नव्हे. आणि तिचा परिणाम निर्दोष सुटकेचाच. म्हणून भेट आधी, सही नंतर. अडचण एकच. प्रौढांसाठी अशा समोरासमोरच्या भेटीची वेगळी प्रक्रिया आपल्या कायद्यात नाही. तुमच्यासमोर दिलेली कबुली उद्या पुराव्यात येऊ शकते, त्यामुळे त्याचा वकील त्याला तोंड उघडू देणार नाही. गाडीवर बसून राहिला, त्याचं हेही कारण असेल.

ग्रँडरिव्हर
मी किचनरला, कॅनडात राहतो. इथून जवळच्या एल्मायरा गावात १९७४ साली दोन दारू प्यायलेल्या पोरांनी एका रात्रीत २२ ठिकाणी नासधूस केली होती. गाड्यांचे टायर फाडले, खिडक्या फोडल्या. मार्क यांत्झी नावाच्या प्रोबेशन अधिकाऱ्यानं (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडलेल्यांवर लक्ष ठेवणारा) न्यायाधीशांना सुचवलं, यांना घरोघर पाठवा. दोघांनी दारं ठोठावली, 'मीच तो' म्हणून सांगितलं, शिव्या खाल्ल्या, भरपाई दिली. त्यातला एक पुढे अशा भेटी घडवण्याच्या कामातच आला. पण लक्षात घ्या, पोरांनी गुन्हा आधी कोर्टात कबूल केला होता. आणि दारात पोरं स्वतः उभी होती, बाप नव्हे.

मीनल_का
गावपातळीवर बरीच वर्षं काम केलंय, म्हणून थोडं कडू बोलते. २००७ ला तंटामुक्त गाव मोहीम आली. हेतू चांगला होता, पण गावाला बक्षीस होतं मिटवलेल्या तंट्यांवर. मग मिटवण्याची घाई गावाला, आणि गप्प बसायचं कुणी? ज्याचं गेलं त्यानं. "नाही, मला मिटवायचं नाही" हे म्हणायची मोकळीक नसेल, तर त्या बैठकीला न्याय म्हणू नका.

आधी कुणीतरी तिऱ्हाईत माणूस पोराशी एकट्याशी बोलू दे, तुमच्या वडिलांशी वेगळं. बाबांना खरंच त्याचं तोंड बघायचंय का, हे तुम्ही विचारलंत? आणि एक, पोरगा कुठल्या वस्तीतला ते तुम्ही लिहिलं नाहीत. बैठकीत पहिलं तेच दिसतं.

माणदेशी
सातारकर, चहा नाही पाजणार, काळजी नको.
मीनलताई, तो भावकीतलाच आहे. म्हणून तर सगळ्यांना घाई. दुसऱ्या वस्तीतला असता तर पैशाची गोष्ट निघाली नसती, आधी मार बसला असता, हे मलाही कळतं. वडिलांना विचारलं. म्हणाले, "त्याला आण, पण सरपंच नको." हायस्कूलचे निवृत्त सर दोघांनाही माहितीचे आहेत, त्यांच्याशी बोलतोय.
वकीलसाहेब, तांबं घेणारा भंगारवाला सगळ्यांना ठाऊक आहे. बैठकीत त्याचं नाव कुणी काढलं नाही. त्याचं काय?

काळाकोट
चोरीचा माल जाणूनबुजून घेणं, कलम ३१७. त्याचा गुन्हा तुमच्या तडजोडीत आपोआप मिटत नाही. पोलिसांना पुरवणी जबाब द्या, त्याची पोच घ्या. पण सरांच्या बैठकीनंतर. पोरगा नाव सांगतो का ते आधी बघा.