मदत हवी आहे: माळावरचा राखाडी शिकारी पक्षी कोणता? (आणि फोटो काळे का येतात?)

नमस्कार मंडळी,

माझी सासुरवाडी बारामती तालुक्यात, सुप्याजवळ. महिन्यातून एक-दोनदा जाणं होतं. सकाळचा चहा झाला की कॅमेरा गळ्यात अडकवून मी माळावर सुटतो. मयूरेश्वर अभयारण्य जवळच आहे, पण मी फिरतो ते बाहेरच्या गायरानात. कॅमेरा साधा डीएसएलआर, लेन्स ७०-३०० मिमीची झूम, तीही सेकंडहँड.

गेल्या रविवारी साडेसातच्या सुमारास वाळल्या गवतावरून एक राखाडी पक्षी आला. घारीपेक्षा सडपातळ, पंख लांबच लांब, टोकं शाईत बुडवल्यासारखी काळी. घार वर घिरट्या घालते, तसलं काही नाही. हा गवताच्या शेंड्यांना पोट लागेल इतका खाली, पंख जरा वर उचलून, एकदा डावीकडे झोल, एकदा उजवीकडे. माझ्यापासून तीसेक पावलांवर गपकन गवतात उतरला. उठला तेव्हा पंजात काहीतरी हिरवं होतं, नाकतोडा असावा. मेंढरं राखणारे एक मामा शेजारीच उभे होते. म्हणाले, "ह्यो दिवाळीच्या पुढंमागं येतो, शिमग्यापत्तूर ऱ्हातो. रातच्याला गवतातच बसत्यात, धा-वीस."

४३ फोटो काढले. त्यातले ४० म्हणजे पांढऱ्या आभाळावर काळा ठिपका. उरलेल्या तिनांत गवत छान फोकसमध्ये आहे.

आणखी एक. बांधावरच्या बाभळीत कापशीचं (लहान, पांढरट घार) घरटं आहे. मेव्हणा म्हणतो, समोरच्या टेकाडावर चढलं की थेट आत दिसतं. चढलो, तर कापशी उठली आणि डोक्यावर ओरडत फिरायला लागली. मी खाली उतरलो. किती लांबून पाहिलं तर चालतं? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १

मामांनी निम्मं काम केलंय की! हा हॅरियर, मराठीत भोवत्या. थंडीत मध्य आशियाकडून आपल्या माळांवर येतो, रात्री थव्याने जमिनीवर गवतात झोपतो. राखाडी म्हणजे नर. मादी तपकिरी, शेपटीच्या बुडाशी पांढरा पट्टा.

आता नर दोनांपैकी कोणता ते बघा. पंखाच्या वरच्या बाजूला मधोमध काळी रेघ आणि पोटावर तांबूस फराटे असतील तर माँटेग्यूज हॅरियर. रेघ नाही, पोट स्वच्छ, आणि काळा रंग टोकाशी पाचरीसारखा अरुंद असेल तर पॅलिड हॅरियर. माद्यांच्या बाबतीत मात्र आम्हीही अजून एकमेकांशी भांडतो, त्यामुळे तिकडे आत्ताच जाऊ नका.

प्रतिसाद २

फोटोचं सांगतो. लेन्सला दोष देऊ नका, मी याच लेन्सवर चार वर्षं काढली.

कॅमेरा उजळ आभाळ बघून उजेड कमी करतो, म्हणून पक्षी काळा. पक्षी आभाळावर असेल तर एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड आपण कमीजास्त करायची सोय) +१, कधी त्याहून थोडं जास्त. उलट पांढरी कापशी गर्द झाडासमोर बसली असेल तर उणे करा, नाहीतर नुसता कापूस दिसेल. शटरचा वेग १/१६०० सेकंदापेक्षा कमी नको, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ऑटोवर सोडा, फोटो दाणेदार आला तरी बेहत्तर. फोकस सतत पक्ष्याच्या मागे धावणाऱ्या मोडवर ठेवा आणि फक्त मधला बिंदू वापरा. सगळे बिंदू चालू असले की कॅमेरा गवतच पकडणार. सूर्य पाठीशी हवा.

नऊनंतर जमीन तापते, हवा थरथरते, मग लाखाच्या लेन्सलाही फोटो मऊच येतो. तेव्हा कॅमेरा पिशवीत आणि माणूस नाश्त्याला.

सगळ्यात महत्त्वाचं, पाठलाग करू नका. पायी माणूस दिसला की पक्षी उठतो, उभ्या गाडीला तेवढा घाबरत नाही. पायवाटेलगत गाडी लावा, इंजिन बंद, काच खाली. काचेवर लेन्स टेकवायला जुन्या जीन्सचा पाय कापून त्यात ज्वारी भरून दोन्हीकडून शिवा. (दर पावसाळ्याआधी ज्वारी बदला. माझ्या पिशवीतून एकदा गाडीभर किडे निघाले होते, बायको अजून बोलते.)

प्रतिसाद ३

घरट्याबद्दल. मीटरमध्ये उत्तर नाही. पक्षी तुमच्याकडे बघायला लागला, काम सोडून बसला, की तुम्ही आधीच जास्त जवळ आहात. ओरडला म्हणजे फारच. ती उठून गेली की अंडी-पिल्लं उन्हात उघडी पडतात, आणि कावळे टपलेलेच असतात. टेकाड सोडा. कापशी सकाळी तारेवर बसते, हवेत एका जागी पंख फडफडवत पाय लोंबकळत ठेवते, ते रस्त्यावरून आरामात टिपता येतं. डोळा लालभडक असतो, तेवढा फोकसमध्ये आला तर फोटो झाला समजा.

भोवत्यांच्या झोपायच्या जागेला संध्याकाळी लांबूनच बघा, गवतात पाय घालू नका. आणि त्या गायरानाचा नेमका पत्ता इथे लिहू नका. पुढच्या रविवारी सहा गाड्या येतील.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. टेकाडाचा विषय बंद, मेव्हण्यालाही सांगितलं. काळ्या फोटोंतला एक लॅपटॉपवर उजळून मोठा केला. एका पंखावर रेघ आहे, बऱ्यापैकी ठळक. पोट मात्र नुसतं करडं दिसतंय, फराटे आहेत की माझी इच्छा, कळत नाही. माँटेग्यूज म्हणू का?

सासूबाईंकडे दोन किलो ज्वारी मागितलीय. जावईबापूंना भाकरीची आवड लागली म्हणून त्या खूश आहेत. जीन्सचं अजून सांगितलेलं नाही.