अपघातानंतरची पहिली काही मिनिटं: तुमचे अनुभव लिहा

गेल्या महिन्यात आमच्या डोळ्यांदेखत पुढची गाडी दुभाजकावर आदळली. मी तिथल्या तिथे ब्रेक मारला आणि दार उघडून पळत सुटलो. मागून बायको जिवाच्या आकांताने ओरडली म्हणून थबकलो, तेवढ्यात हाताच्या अंतरावरून ट्रक गेला. शर्ट फडफडला वाऱ्याने. माझी गाडी भर रस्त्यात उभी होती, चारही दिवे लावायचं सुचलं नव्हतं. मदतीला निघालेला मीच दुसऱ्या अपघाताचं कारण ठरलो असतो. तेव्हापासून झोप नीट लागत नाही, म्हणून हा धागा. तुम्ही काय केलंत, काय करायचं राहून गेलं, दोन्ही लिहा. राहून गेलेलं तर नक्कीच लिहा.

*

दोन गाड्यांची समोरासमोर टक्कर. चालवणाऱ्या बाईंचा हात मोडला होता, त्या किंचाळत होत्या आणि जमलेली सगळी माणसं त्यांच्याभोवती. शेजारच्या सीटवरचा तरुण मात्र गप्प. हनुवटी छातीला टेकलेली आणि घशातून घोरल्यासारखा आवाज. बघणाऱ्यांना वाटलं, बेशुद्ध आहे पण श्वास चालू आहे. मी रुग्णालयात काम करते, त्यामुळे तो आवाज ओळखीचा होता. श्वासाची वाट अडत होती.

आधी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला. मग मागच्या सीटवर बसून दोन्ही तळवे त्याच्या कानांवर ठेवले आणि डोकं अगदी सावकाश सरळ केलं. घोरणं थांबलं. श्वास मोकळा झाल्याचं तळव्यांनाच कळलं. मग हलले नाही. मानेला दुखापत असू शकते, म्हणून अँब्युलन्सची माणसं येऊन "आता सोडा" म्हणेपर्यंत तशीच बसून राहिले. बोटं बधिर झाली होती. पुढून, म्हणजे न उघडलेली एअरबॅग आणि तो यांच्या मधे वाकून हे केलं नाही, कारण ती उशिरानेही उघडू शकते.

ओरडणाऱ्याचा श्वास चालू असतो. आधी गप्प असलेल्याकडे जा. एवढं एक लक्षात ठेवलंत तरी मला हे लिहिल्याचं समाधान आहे.

*

वरचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी एका जखमीला पाणी पाजलं होतं. तो मागत होता, माझ्याजवळ बाटली होती. अर्धवट शुद्धीत होता, पाणी श्वासनलिकेत गेलं, ठसका लागला आणि तो निळा पडायला लागला. कुशीवर वळवला तेव्हा कुठे श्वास आला. अशा माणसाला तोंडाने काही द्यायचं नसतं. भूल द्यावी लागली तर तेही पोटातलं पाणी धोक्याचं ठरतं, हे मागाहून डॉक्टरांकडून समजलं. फार तर ओठ ओले करा. माझा हेतू चांगला होता, पण तो ठसका अजून कानात आहे.

*

रक्तस्रावाबद्दल थोडक्यात. स्वच्छ कापडाची घडी जखमेवर घट्ट दाबून धरा आणि थांबलं का हे पाहायला उचलू नका. भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा. काच रुतली असेल तर उपसायची नाही, तिच्या दोन्ही बाजूंनी दाब द्यायचा. मी ती उपसली होती. पुढचं लिहवत नाही.

*

गाडी इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड असेल तर आवाज नाही म्हणजे बंद आहे, असं धरून चालू नका. नारिंगी केबल दिसली तर हात लावू नका, तिच्यात जास्त दाबाची वीज असते. फोनवर मदत मागतानाच गाडी कुठल्या प्रकारची आहे ते सांगा. अशा बॅटरीची आग विझल्यावर काही तासांनीही पुन्हा पेटू शकते.

*

माझा स्वतःचा अपघात. गाडीचा चेंदामेंदा झाला आणि मी चालत बाहेर आलो. "मला काही झालं नाही" असं सगळ्यांना सांगत सुटलो, कारण खरंच काही दुखत नव्हतं. घरी येऊन झोपलो. रात्री पोटात डाव्या बाजूला कळ आली, ती खांद्यापर्यंत गेली. शर्ट वर केला तर सीटबेल्टचा जांभळा वळ. प्लीहा फाटली होती. धक्क्यात शरीर दुखणं दाबून धरतं, त्यावर विसंबू नका, त्याच दिवशी तपासून घ्या. डोक्याला मार असेल आणि डोकेदुखी वाढत गेली, उलट्या झाल्या, बोलण्यात गोंधळ वाटला तर सकाळची वाट पाहू नका.

*

गाडी झाडाला जेमतेम टेकली होती, कुठे खरचटलंही नव्हतं, पण चालक निपचित. श्वास नाही. हृदय आधी थांबलं होतं, गाडी त्यानंतर आदळली. आम्ही त्यांना बाहेर काढून पाठीवर निजवलं. फोन स्पीकरवर टाकला आणि पलीकडच्या ताई मोजत राहिल्या. छातीच्या मध्यावर, पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा. हाताखाली बरगडी कडकन वाजली तेव्हा मी थांबलो. "थांबू नका, दाबत राहा," त्या म्हणाल्या. दोन मिनिटांनी भावाने हात दिला, मग पुन्हा मी. ते वाचले.

*

मला प्रथमोपचार येत नाहीत. मी फक्त मागच्या सीटवरच्या लहान मुलीजवळ होते. ती स्वतःहून उतरून माझ्याकडे चालत आली होती. तिला कठड्यापलीकडे नेलं, गाडीकडे पाठ करून मांडीवर घेतलं, अंगाभोवती माझं जाकीट गुंडाळलं. "बाबा उठले?" तिने विचारलं. मला माहीत नव्हतं, म्हणून हो म्हटलं नाही. "त्यांच्याजवळ माणसं आहेत आणि मी तुझ्याजवळ आहे," एवढंच म्हणाले. तिचा एक बूट गाडीत राहिला होता. अँब्युलन्स येईपर्यंत तिचा तो पाय मी हातात धरून ठेवला होता.