पथदिव्यांची आयईएस फाइल कशी वाचावी? सल्ला हवा

मांद्रेवासी:
नमस्कार. आमच्या वाड्यावरील सहा मीटर रुंद रस्त्यावर पंचायतीतर्फे 8 मीटर उंचीच्या खांबांवर एलईडी दिवे बसवायचे आहेत. रस्त्याचे शेवटचे टोक किनाऱ्यालगतच्या माडांत जाते. दोन पुरवठादारांनी दर दिले असून दोघांचेही दिवे 60 वॅटचेच आहेत. एकाने आयईएस फाइलही (दिव्याचा प्रकाश कोणत्या दिशेला किती जातो याची मोजमापे असलेली फाइल) दिली. ती उघडली तेव्हा आकड्यांच्या रांगा दिसल्या आणि लुमेनच्या (दिव्याच्या एकूण प्रकाशाच्या) जागी -1 आढळला. फाइल सदोष आहे का? तुलना कशावरून करावी?

फोंड्याचा विद्युत अभियंता:
फाइल सदोष नाही. एलईडी दिव्यात बल्ब वेगळा काढून मोजता येत नाही, म्हणून प्रयोगशाळेत संपूर्ण दिवाच मोजतात आणि लुमेनच्या जागी -1 लिहितात. त्याखालचे आकडे प्रत्यक्ष मोजलेले कँडेला, म्हणजे त्या त्या दिशेतील प्रकाशाची तीव्रता, असतात. मात्र -1 च्या शेजारचा गुणक 1 नसेल, तर त्याने गुणून घ्यावे.

वॅटवरून तुलना करू नका. या रांगाच पाहा. 0 अंशाचा आकडा म्हणजे दिव्याच्या थेट खाली जाणारा प्रकाश. त्याला उंचीच्या वर्गाने भागले की लक्स, म्हणजे जमिनीवर पडणाऱ्या उजेडाचे माप, मिळते. तो 3200 कँडेला असेल, तर 8 मीटरच्या खांबाच्या पायथ्याशी 50 लक्स पडतील. तेवढेच कँडेला 60 अंशांत गेले, तर सुमारे 14 मीटरवर 6.25 लक्सच उरतात, कारण अंतर वाढते आणि प्रकाशही तिरका पडतो. म्हणूनच चांगल्या पथदिव्याचा सर्वांत मोठा आकडा सहसा 60 ते 70 अंशांच्या आसपास आढळतो. ज्याचा तो 0 अंशावर आहे, तो दिवा खांबाखाली लखलखाट करील आणि दोन खांबांच्या मध्ये काळोख ठेवील.

भारतीय मानक क्रमांक 1944 (आयएस 1944) यात कमी रहदारीच्या दुय्यम रस्त्यासाठी सरासरी 4 लक्स, आणि किमान व सरासरी यांचे गुणोत्तर 0.3 दिले आहे. माझ्या मते हे गुणोत्तर सरासरीपेक्षा अधिक काळजीपूर्वक तपासावे. खाऱ्या वाऱ्याने काच लवकर मळते. मी देखभाल घटक (दिवा मळल्यावर व जुना झाल्यावर उरणाऱ्या प्रकाशाचे प्रमाण) 0.8 पेक्षा अधिक धरत नाही.

काणकोणकर:
एक भर घालतो. अमेरिकी फाइलमध्ये आडवा कोन (दिव्याभोवती मोजलेला) 0 अंश रस्त्याच्या बाजूला असतो, तर युरोपीय पद्धतीत ती बाजू 90 अंशांवर येते. संगणकावर आराखडा करताना दिवा चुकून आडवा फिरला, तर त्यापुढचा सगळा हिशेब फसवा ठरतो. म्हणून आधी प्रकाशाच्या वाटपाचा वक्र चित्ररूपात पाहून घ्यावा.

किनाऱ्याकडच्या टोकाविषयी मला विशेष कळकळ आहे. मोरजी, आगोंद आणि गालजीबाग येथे ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, आणि पिल्ले उजेडाच्या दिशेने सरकत समुद्राऐवजी रस्त्याकडे वळतात. आपल्या फाइलमध्ये 80 ते 90 अंशांच्या रांगा आणि खांबाच्या मागील बाजूचे आकडे पाहा. ते शून्याच्या जवळ हवेत. त्या टोकाला पांढऱ्याऐवजी अंबर रंगाचा, आडोसा लावलेला दिवाच मागवावा.

मांद्रेवासी:
देव बरें करो. फाइलमध्ये मोठा आकडा 65 अंशांवर सापडला, पण मागील बाजूला 80 अंशांवरही 140 कँडेला आहेत. शेवटच्या तीन खांबांसाठी आडोशासह मोजलेली वेगळी फाइल मागवली आहे. दुसऱ्या पुरवठादाराकडेही फाइल मागितली आहे. ती आल्याशिवाय त्यांचा दर विचारात घेणार नाही.